विनाअपघात वर्षं

म्युनिकजवळच्या त्या गाड्यांच्या शोरूममध्ये हेर ओबरमायर यांनी गाडीचा कागद स्वतःकडे फिरवून घेतला, कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला आणि पेनाचं टोपण एका तारखेवर टेकवलं. टोपण तिथेच राहिलं.

"हेर करंदीकर, ही गाडी तुमच्या नावावर आहे."

"हो," दिनकरराव म्हणाले. इतक्या सोप्या प्रश्नाने सुरुवात झाल्याचं त्यांना बरंच वाटलं.

"सात जानेवारीपासून."

"हो. त्याआधी हिच्या नावावर होती. बारा वर्षं."

शेजारच्या खुर्चीत कुंदाताई मांडीवर पर्स घेऊन बसल्या होत्या. थोड्याच वेळापूर्वी त्या शोरूमच्या मधोमध उभ्या असलेल्या पांढऱ्या हायब्रिडमध्ये बसून आल्या होत्या. बसल्या बसल्या सवयीने डावा पाय पुढे गेला, तर त्याच्याखाली काहीच नव्हतं. दाबायला काही नाही म्हटल्यावर पाय बिचारा मागेपुढे होत राहिला, आणि त्या काचेतून दिनकररावांकडे बघून हसल्या होत्या. त्यातलं थोडं हसू अजून चेहऱ्यावर शिल्लक होतं.

ओबरमायर यांनी चष्मा पुन्हा कपाळावर ढकलला. माणूस सज्जन होता. वाईट बातमी सांगण्याआधी कॉफी पुढे सरकवणाऱ्यांपैकी. त्यांनी कॉफी पुढे सरकवली आणि समजावून सांगितलं. जुनी गाडी भंगारात देऊन नवी घेणाऱ्याला सरकार यंदा जे अनुदान देतंय, त्याची एक अट गाडीच्या वयाची आहे. ती इथे पूर्ण होते. दुसरी अट नावाची आहे. जुनी गाडी किमान वर्षभर ज्याच्या नावावर असेल, त्यालाच पैसे मिळतात आणि नवी गाडीही त्याच नावावर घ्यावी लागते. फ्राऊ करंदीकर यांच्या नावावर ती बारा वर्षं होती, पण आता नाही. हेर करंदीकर यांच्या नावावर आता आहे, पण वर्ष झालेलं नाही.

"म्हणजे दोघांपैकी कुणालाच मिळणार नाही," ते म्हणाले. "मला खरंच वाईट वाटतं."

"पण आम्ही नवरा-बायको आहोत."

"ते दिसतंच आहे," ओबरमायर म्हणाले. त्यांच्या बोलण्यात थट्टा नव्हती.

दिनकररावांनी अटी वाचल्या नव्हत्या असं मुळीच नाही. आयुष्यभर इंजिनियरकी केलेला माणूस; वर्तमानपत्रातलं कात्रण त्यांनी घरी फ्रिजवर लावलं होतं, त्यावर खुणाही केल्या होत्या. नावाच्या अटीवरूनही त्यांचे डोळे फिरले होते. पण त्यांच्या डोक्यात घराचं नाव एकच होतं. फ्लॅट, टेलिफोन, बँकेचं खातं, मुलीच्या शाळेचे दाखले, सगळीकडे करंदीकर. नवरा-बायकोत माझं-तुझं करणारी माणसं त्यांनी ऑफिसात पाहिली होती. वेगळी खाती ठेवणारी, हॉटेलात जेवण झाल्यावर बिल अर्धं अर्धं करणारी. त्यांच्या गमती ते घरी येऊन सांगत आणि वर म्हणत, आपल्यात असलं काही नाही हं. आता जर्मन सरकारच म्हणत होतं की आहे.

त्यांनी कुंदाताईंकडे बघायचं टाळलं आणि मग न राहवून बघितलं. कुंदाताई किंचित पुढे वाकून त्या कागदाकडे पाहत होत्या. त्यांना जर्मन समजावून सांगायची गरज नव्हती. गावातल्या शाळेत दुपारच्या वेळी मुलं सांभाळून सांभाळून त्यांचं जर्मन दिनकररावांपेक्षा कितीतरी घरगुती झालं होतं. त्यात बव्हेरियाचा हेलही होता. चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं, राग नव्हता. फक्त ते उरलेलं हसू गेलं होतं. दिनकररावांना वाटलं, यापेक्षा ही चारचौघांत दोन शब्द बोलली असती तर बरं झालं असतं.

कुंदाताई उठल्या. ओबरमायर यांचे आभार मानून त्यांनी त्यांच्या टेबलावरच्या फोटोतल्या नातवंडांची चौकशीसुद्धा केली. बाहेर पार्किंगमध्ये बर्फाचे काळपट ढीग अजून कडेला होते. आपल्या लाल गाडीपाशी आल्यावर त्यांनी पर्समधून किल्ली काढली आणि दिनकररावांपुढे धरली.

"तुम्ही चालवा."

त्या गाडीची किल्ली त्यांनी आजवर अशी कधी हातात दिली नव्हती. दिनकररावांनी ती मुकाट घेतली.

पहिल्याच सिग्नलला त्यांचा डावा पाय भरून आला. आयुष्यभर कंपनीच्या नव्याकोऱ्या गाड्या चालवलेला माणूस. दर तीन वर्षांनी गाडी बदलायची, क्लच जुना होऊ देण्याइतकी ती कधी जवळ राहिलीच नाही. आणि हे स्वतः क्लच बनवणाऱ्या कारखान्यात तीस वर्षं काढलेले.

"हा इतका जड कधी झाला?"

"झाला हळूहळू," कुंदाताई म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघू लागल्या.

उंटरश्लाइसहाइमला घरी पोचेपर्यंत दिनकरराव प्रत्येक सिग्नलला तो क्लच दाबत राहिले.

*

या सगळ्याचं मूळ दिनकररावांच्या निवृत्तीत होतं. डिसेंबरच्या शेवटी कंपनीने त्यांना फुलं दिली, घड्याळ दिलं, भाषणं झाली आणि मग एका सद्‌गृहस्थाने हसत हसत गाडीची किल्ली मागून घेतली. गाडी कंपनीची होती, तेव्हा त्यात गैर काहीच नव्हतं. नव्या वर्षात दिनकररावांना अचानक पुष्कळ वेळ मिळाला. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, तसं त्यांनी घरातले सगळे कागद काढून फायली लावायला घेतल्या. त्यात लाल गाडीचे कागद निघाले. आता घरात गाडी एकच, आणि चालवणारे दोघं. ती आपल्या नावावर असलेली बरी, असं त्यांच्या मनाने घेतलं. का घेतलं ते त्यांनी मनाला विचारलं नाही.

विम्याच्या माणसाने मात्र त्यांना भलताच धक्का दिला. म्हणाला, तुमच्या स्वतःच्या खात्यावर विनाअपघात असं एकही वर्ष नाही. दिनकरराव म्हणाले, अहो, तीस वर्षांत साधा ओरखडा नाही माझ्या गाडीला. तो म्हणाला, ती वर्षं कंपनीची, कारण गाड्या कंपनीच्या. आमच्या हिशेबी तुम्ही नवशिके, आणि नवशिक्यांना हप्ता जास्त. मग त्यानेच आवाज खाली आणून उपाय सुचवला. पत्नीच्या खात्यावर बारा स्वच्छ वर्षं आहेत, त्यांनी लिहून दिलं तर ती तुमच्याकडे वळवता येतील.

त्या दिवशी, संक्रांतीला अजून आठवडा असूनही, घरात तिळगुळाचे लाडू चालले होते. दिनकररावांनी कागद जेवणाच्या टेबलावर ठेवला आणि हाक मारली, "कुंदा, इथे एक सही कर गं." कुंदाताई हाताचा चिकट गूळ धुऊन आल्या, सही करून पुन्हा ओट्याशी गेल्या. लग्नाला तेहतीस वर्षं झाली होती आणि अशा सह्या त्यांनी शेकड्याने केल्या होत्या. कसला कागद हे सांगावं असं दिनकररावांच्या जिभेवर आलंही होतं. पण ते सांगायचं तर नवशिके हा शब्दही सांगावा लागला असता.

त्यानंतर आठवडाभरातच त्या अनुदानाची बातमी आली आणि दिनकररावांना पहिल्यांदा आठवला तो कुंदाताईंचा गुडघा. डावा. दोन हिवाळ्यांपासून तो दुखत होता आणि आताशा गाडीतून उतरल्यावर त्या क्षणभर दाराला धरून उभ्या राहत. हायब्रिडला क्लच नाही, गिअर नाही. कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये बसून याच गाड्यांना खेळणी म्हणून हसलेला हा माणूस; पण बायकोच्या गुडघ्यासाठी त्याने ते सगळं हसणं गिळलं आणि शोरूमचा नंबर फिरवला. अनुदान असेल तरच ती गाडी पेन्शनीत बसत होती. नसेल तर कुंदाताईंचं गाडी चालवणं पुढच्या हिवाळ्याच्या आतच थांबणार, हे दोघांनाही न बोलता कळत होतं.

आणि त्यांचं गाडी चालवणं म्हणजे साधी गोष्ट नव्हती. चव्वेचाळिसाव्या वर्षी, प्रॅक्टिकलला तीनदा नापास होऊन त्यांनी लायसन मिळवलं होतं. पुण्यात सायकलसुद्धा न चालवलेली बाई इथे ऑटोबानवरून म्युनिकला जाऊन कढीपत्ता आणू लागली. गावात सॉफ्टवेअरवाली तरुण मराठी जोडपी येऊ लागली तेव्हा नव्या आलेल्या मुलींना घेऊन ऑफिसांच्या खेपा त्यांनीच घातल्या. त्यांच्या निम्म्या बाळांनी जन्माआधीचा शेवटचा प्रवास त्या लाल गाडीतून केला होता. त्या मुली आपसात तिला गाडी म्हणतच नसत, कुंदामावशी येतेय का, एवढंच विचारत.

ती गाडी आपण एका सहीत काढून घेतली. शोरूमहून आल्यापासून दिनकररावांच्या मनात हेच घोळत होतं. आणि नुसती गाडीच काढून घेतली नाही, तिच्या जागी जी येऊ शकली असती तीही घालवली.

*

कुंदाताई भांडल्या नाहीत. भांडल्या असत्या तर बरं, असं दिनकररावांना रोज वाटायचं.

दुसऱ्या दिवशी नाश्त्याला त्या म्हणाल्या, "अहो, आज दुपारी गाडी लागेल मला. चालेल ना?"

"मला काय विचारतेस?"

"तुम्हाला कुठे जायचं असलं तर."

दिनकररावांच्या हातातला पाव तसाच राहिला. बारा वर्षांत या बाईने गाडी नेताना कुणाला विचारलं नव्हतं. त्या आठवड्यात त्यांनी आणखी दोनदा विचारलं, तितक्याच सहज. मग विचारायच्या थांबल्या आणि बसने जाऊ लागल्या. दिनकरराव खिडकीतून बघायचे. कोट घातलेली, हातात मुलांसाठी चित्रांचे कागद धरलेली ठेंगणी आकृती बसथांब्यापर्यंत सावकाश जायची, आणि खाली त्यांच्या जागेवर लाल गाडी नुसती उभी असायची. ते दृश्य त्यांना बघवत नसे आणि खिडकीतून हलवतही नसे.

रविवारी श्रीरंग पटवर्धन आला. कारखान्यातला जुना सहकारी, वयाने लहान, कुठल्याही भिंतीत दार शोधणारा. सगळं ऐकून त्याने चहाचा कप खाली ठेवला.

"एवढंच ना? दिनकरराव, माझी खटारा गाडी बघितलीत ना तुम्ही? सोळा वर्षांची आहे, पहिल्यापासून माझ्या नावावर. ती देऊ भंगारात. नवी माझ्या नावावर घेऊ, पैसे आले की करून टाकू तुमच्या नावावर. हाय काय आन् नाय काय."

"आणि तू?"

"मी लोकलने, एस-बानने जाईन की. बायको कधीची म्हणतेय, पोट कमी करा."

दिनकररावांना क्षणभर मोह झाला. त्यांनी कुंदाताईंकडे बघितलं. कुंदाताई श्रीरंगच्या बशीत चिवडा वाढत होत्या.

"नको भाऊजी," त्या म्हणाल्या. "नावांची अदलाबदल एकदा झाली तेवढी पुरे."

श्रीरंग हसला. दिनकररावांचे कान गरम झाले. ते उठून उगाचच बाल्कनीचं दार लावून आले.

त्या संध्याकाळी त्यांनी नीताला फोन लावला. मुलगी बर्लिनला होती. मराठी तिला सगळं कळायचं, उत्तर मात्र ती जर्मनमध्येच द्यायची. दिनकररावांनी अथपासून इतिपर्यंत सांगितलं. सही, विमा, शोरूम, बस.

"हास्ट डू आई गेफ्राग्ट?" नीताने विचारलं. आईला विचारलंस का, एवढंच तिचं म्हणणं.

"काय विचारू? मी सांगतोय ना तुला, ती चिडलीय."

"बाबा," नीता म्हणाली, आणि पुढचं जर्मनमध्ये, "ती चिडलीय असं ती म्हणाली का?"

हिला काय कळतंय, असं मनाशी म्हणत दिनकररावांनी फोन ठेवला. तेहतीस वर्षांचा संसार त्यांचा होता, तिचा नव्हता.

*

गाड्यांच्या नोंदणीच्या कचेरीत त्यांना फार थांबावं लागलं नाही. खिडकीमागच्या बाईने त्यांचं सगळं ऐकून घेतलं. गाडी परत पत्नीच्या नावावर करता येईल, पण वर्ष मात्र त्या दिवसापासून नव्याने मोजलं जाईल. जानेवारीतली नोंद चुकून झाली असं म्हणता येणार नाही, कारण ती चुकून झालेली नाही.

"म्हणजे अनुदानाला उपयोग नाही," बाई म्हणाली.

"अनुदानासाठी नकोच आहे," दिनकरराव म्हणाले.

मग कशासाठी, असं तिने विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं, इतकं त्यांना भरून आलं होतं. तिने दोन पानांचा कागद दिला. पत्नी स्वतः येणार नसेल तर त्याच्यावर तिची सही लागेल म्हणाली.

घरी आले तेव्हा कुंदाताई जेवणाच्या टेबलाशी पालक निवडत होत्या. डावा पाय समोरच्या खुर्चीवर होता आणि गुडघ्यावर गरम पाण्याची पिशवी. दिनकररावांनी कोटही काढला नाही. कागद टेबलावर ठेवला आणि उभ्या उभ्याच बोलायला सुरुवात केली, कारण बसले असते तर बोलणं झालं नसतं.

"त्या दिवशी मी तुला न सांगता सही घेतली."

कुंदाताईंनी वर बघितलं.

"जानेवारीत. लाडू करत होतीस तू. ती गाडी माझ्या नावावर करायची सही होती. तू वाचत नाहीस हे मला माहीत होतं, आणि मी ते चालवून घेतलं. तेव्हा मला त्यात काही वाटलं नाही. आता वाटतंय."

"कोण म्हणालं वाचत नाही?"

दिनकररावांना आधी कळलंच नाही.

"तुम्ही पाकीट आणायला आत गेलात," कुंदाताई म्हणाल्या. "तुम्हाला पाकीट कधी एका फटक्यात सापडलंय? दोनदा वाचून झालं माझं. गाडी तुमच्या नावावर होणार, आणि माझी विनाअपघात वर्षं तुम्हाला मिळणार. कारण तुमच्या खात्यावर एकही नाही. एवढं जर्मन येतं मला."

दिनकररावांनी खुर्ची ओढली आणि बसले.

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"तेहतीस वर्षं प्रत्येक कागद वाचलाय मी. फ्लॅटचा वाचला, तुमच्या बढतीचा वाचला. कुठे काही वावगं दिसलं नाही, म्हणून बोलले नाही. दिसलं असतं तर बोलले असते."

"आणि यात वावगं दिसलं नाही तुला? तुझी गाडी होती ती."

कुंदाताईंनी पालकाची एक काडी मोडली, पानं टोपलीत टाकली. मग हात थांबवले.

"तुम्ही कंपनीची गाडी देऊन आलात ना, त्या संध्याकाळी एस-बानने आलात. मी इथूनच बघत होते. दार उघडलंत, बूट काढलेत, आणि किल्ली अडकवायला भिंतीवरच्या खुंटीकडे हात नेलात. हातात काही नव्हतं. हात तसाच वर राहिला तुमचा. मग तुम्ही गळ्यातला मफलर काढून अडकवलात तिथे, जसा काही त्याच्यासाठीच उचलला होता." त्या जरा थांबल्या. "मला फार वाईट वाटलं हो. मग आठवड्याभरात तुम्ही तो कागद आणलात, तेव्हा म्हटलं, घेऊ दे यांना."

दिनकररावांना ती संध्याकाळ आठवली. मफलरही आठवला. तेव्हा स्वयंपाकघरात दिवा होता आणि कुकरची शिट्टी झाली होती; कुणी बघितलं नाही अशी त्यांची खात्री होती. त्यांना एकदम लाज वाटली, आणि लाजेच्या पाठोपाठ इतकं हलकं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. ते त्यांनी पुसलं नाही.

"मग इतके दिवस गप्प का होतीस?"

"मी कुठे गप्प होते? तुम्हीच तोंड शिवून बसला होतात. मला वाटलं, अनुदान हुकलं म्हणून स्वतःला खाताय. तुमचं तसंच असतं."

"शोरूमच्या बाहेर किल्ली माझ्या हातात दिलीस."

"गुडघा दुखत होता."

"आणि गाडी न्यायला मला विचारत होतीस ते?"

"आता तुम्ही घरी असता. विचारायला नको? उद्या तुम्ही खाली जाल आणि गाडी जागेवर नसेल." त्यांना हसू आलं. "देवा रे. मी आपली साधं विचारतेय."

दिनकररावही हसले. मग हसू ओसरलं आणि शोरूममधली पांढरी गाडी पुन्हा दोघांच्या मध्ये येऊन उभी राहिली.

"पण ती गाडी गेली, कुंदा. तू नुसतं नाही म्हणाली असतीस ना त्या दिवशी, तर आज तुझ्या नावावर ती नवी आली असती. तुझं चालवणं राहिलं असतं."

"तेव्हा कुठे होतं ते अनुदान? ते आलं नंतर." कुंदाताईंनी गुडघ्यावरची पिशवी जरा वर सरकवली. "शोरूममध्ये बसले होते ना आत, तेव्हा मलाही वाटलं, चला, अजून दहा वर्षं निघाली आपली. मग तुमचे ते ओबरमायर तारखेवर पेन टेकवून बसले. तेव्हा कळलं, तेलही गेलं नि तूपही गेलं. वाईट वाटलं. नाही कसं वाटणार?"

बाहेर कुणाची तरी मुलं सायकलींवरून ओरडत गेली.

"डॉक्टरांनी डिसेंबरमध्येच सांगितलं होतं, क्लच बंद करा म्हणून," कुंदाताई म्हणाल्या. "तुमच्या निरोपसमारंभाच्या गडबडीत म्हटलं, कशाला आत्ता. मग रोज म्हणायचे, आजच्या दिवस चालवू. असं करत करत मार्च आला."

"मला सांगायचंस."

"तुम्ही मला सांगितलंत, तो विमेवाला काय म्हणाला ते?"

कुंदाताईंनी पदराला हात पुसले आणि टेबलावरचा कागद पुढे ओढला.

"हा कसला?"

"गाडी परत तुझ्या नावावर करायचा. इथे सही..." दिनकरराव बोलता बोलता थांबले. "बघ वाचून."

कुंदाताईंनी चष्मा लावला. दिनकरराव या वेळी कुठे उठून गेले नाहीत. वाचताना तिचे ओठ हलतात, आणि मोठा जर्मन शब्द आला की ती बोटाने त्याचे तुकडे पाडते, हे ते आज पहिल्यांदा पाहत होते. पहिलं पान झालं, दुसरं झालं. मग त्यांनी दोन्ही पानं नीट एकावर एक ठेवली आणि सही न करता परत दिनकररावांकडे सरकवली.

"राहू दे."

"अगं, पण तुझी गाडी..."

"तीस वर्षं गाड्या बनवल्यात. एक तरी असू दे नावावर."

दिनकररावांनी कागद हातात घेतला. शेवटी त्यांनी विचारलं, "उद्या शाळेत किती वाजता जायचंय?"

"साडेअकराला."

"मी सोडतो. आणायलाही येतो."

"रोज?"

"रोज."

कुंदाताईंनी त्यांच्याकडे चष्म्यावरून बघितलं. मग पालकाची पुढची जुडी सोडली.

"या मग. पण शाळेपाशी मुलं कुठूनही मध्ये येतात, तिथे हळू घ्या," त्या म्हणाल्या. "बारा वर्षं माझी आहेत त्यात."